नोलीनचा मोजा

ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीकाठच्या आमच्या गावात नोलीन प्रॅटला कोणी ओळखत नाही. एकतीस वर्षं ती इस्पितळाच्या तळघरात बसून ऑपरेशनमधून आलेल्या तुकड्यांचे पापुद्रे कापते आणि तपासणीसाठी काचेवर चढवते. मला मात्र सगळे ओळखतात, कारण मी ओरडते.

इस्पितळाने गुरुवारचा एंडोमेट्रिओसिसचा, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर बाहेर पोटात रुजतं त्या रोगाचा, दवाखाना बंद करायचं ठरवलं. मग मी शनिवारी हार्डवेअरच्या दुकानाबाहेर सॉसेज भाजत सह्या गोळा करायला उभी राहिले. पावात सॉसेज, वर कांदा, सोबत माझं पत्रक: 'या रोगात गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटतात की सुटतच नाहीत.' शाळा मी दहावीत सोडली, हे सगळं स्वतः वाचून काढलेलं. प्रती पाचशे.

नोलीनने पत्रक वाचलं आणि कांदा चावत म्हणाली, "शेरिल, हे उलटं आहे."

"तुला गं काय माहीत? अकरा वर्षं पोट माझं दुखतंय."

"दुखतंय तुझं. कापते मी."

रांग हसली. माझं सॉसेज जळलं.

तिने बूट काढून पाय वर केला. गवतातून आल्यामुळे मोजाभर सराटे. "हा काटा वेलाला धरून बसला असता तर इथवर आला असता का? पेशींना आपसात बांधून ठेवणारे रेणू आधी सैल पडतात. मग पोटाच्या आतल्या पडद्याला धरणारे दुसरे रेणू पकड घेतात. सुटणं आधी, चिकटणं नंतर."

"मग ही पत्रकं?"

"सॉसेजखाली घाल. तेल टिपतील."

मंगळवारी इस्पितळाच्या समितीपुढे मी नोलीनकडून मागून घेतलेला तोच मोजा टेबलावर ठेवला. मला अडवायला एका डॉक्टरने विचारलं, "नेमकं काय कशाला चिकटतं, बाई?" मी म्हटलं, "काढून बघा." त्यांनी एक काटा ओढला, बोट टोचून घेतलं. मग मी रेणू सांगितले, आणि असे काटे बायकांच्या पोटात वर्षानुवर्षं राहतात, तेही सांगितलं. दवाखान्याला वर्षभराची मुदत मिळाली.

"हे कुठे शिकलात?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"स्वतःच," मी म्हणाले. मागच्या खुर्चीवर नोलीन बसलेली.

बाहेर तिने हात पुढे केला. "मोजा दे. काटे काढून."

मी गाडीतळाच्या कठड्यावर बसले. अर्ध्या तासात सात निघाले.