न म्हटलेलं ‘येतो’

गेल्या रविवारी पाहिलेल्या नाटकात एका पुढाऱ्याला अटक होते. पोलीस दाराशी उभे असतात आणि तो चपला घालता घालता बायकोला म्हणतो, “जातो.” ती चटकन म्हणते, “जातो नाही, येतो म्हणावं.” तो हसून “येतो” म्हणतो. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने, मालतीने, माझा हात घट्ट धरला. मीही डोळे पुसले, अगदी उघडपणे.

हे खरंच असं घडलं होतं का, म्हणून वाचनालयातून त्या पुढाऱ्याचं जाडजूड चरित्र आणलं आणि अटकेचं पान काढलं. त्याला सभेतूनच परस्पर तुरुंगात नेलं होतं. सभेला तो घरी न सांगताच गेला होता; बायकोला अटकेचं शेजारणीकडून कळलं. त्या ओळीच्या कडेला कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, “मग ते ‘येतो’?”

म्हणजे माझ्याआधीही कुणीतरी फसलं होतं. मला संतापच आला. आमच्या रडण्याचं एक वेळ सोडा. पण त्या बाईला जे कधी मिळालंच नाही, तेच तिच्या तोंडी घालून या नाटकवाल्यांनी टाळ्या घेतल्या! तिला न सांगता गेलेला माणूस नाटकात मात्र सहीसलामत सुटला.

मालतीला ते पान तावातावाने वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “नाटकवाल्यांवर कशाला चिडता? सकाळी वाचनालयात निघालात, तेव्हा तुम्ही तरी कुठे ‘येतो’ म्हणालात?”