सोमवारच्या सिस्टर

सिस्टर दारात आल्या की ‘कसे आहात’ असं कधी विचारायच्या नाहीत. चप्पल काढता काढता त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “मिस्तरी, लघवी लाल होते ना?” बाईमाणसाने हे विचारावं याची मला पहिल्यांदा इतकी लाज वाटली की मी भिंतीकडे तोंड करून ‘हो’ म्हणालो. त्या हसल्या नाहीत. “भिंतीला नका सांगू, मला सांगा,” म्हणाल्या.

मी धुळ्यातला गवंडी. शाळा तिसरीपर्यंत, पण माझ्या ओळंब्यात चूक काढणारा इंजिनिअर मला अजून भेटलेला नाही. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मला टीबी निघाला. बायको आधीच गेलेली, मुलगा सुरतेला. त्याला दुखणं कळवलं नाही. कळवून तो काय करणार होता? दोन महिने रोज दवाखान्यात जाऊन सुई आणि गोळ्या घेतल्या, त्या सिस्टरांच्या हातून. पुढचं औषध घरी घ्यायचं होतं, रोज एक लाल कॅप्सूल आणि एक पांढरी गोळी. लाल पोटात गेली की लघवी लाल व्हायची, तीच तिची खूण. घरी औषध दिलं की रोगी मधेच सोडून देतात, म्हणून सिस्टर दर सोमवारी आमच्या गल्लीत फेरी मारायच्या. ते काम त्यांना कुणी लावून दिलेलं नव्हतं.

त्या साक्रीकडच्या. एकट्या राहायच्या. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असतील. खुर्ची दिली तरी उंबऱ्यावरच बसायच्या आणि बिनदुधाचा चहा बशीत ओतून प्यायच्या. त्या दिसल्या की शेजारीपाजारी दारं लोटून घ्यायचे, टीबीवाली बाई आली म्हणून. त्यांनी ते कधी पाहिल्यासारखं केलं नाही. अख्ख्या आठवड्यात माझ्याशी बसून बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. सोमवारी मी कामावरून लवकर निघायचो आणि कोपरापर्यंतचं सिमेंट घासून धुवायचो.

ज्याचा जो धंदा, त्यातूनच त्याला समजवायचं, ही त्यांची रीत. मला त्यांनी बांधकाम सांगितलं. “जंतूच्या अंगाभोवती भिंत असते, मिस्तरी. एकाचे दोन व्हायचे तर नवी भिंत घालावी लागते. पांढरी गोळी ते बांधकाम बंद पाडते. बिनभिंतीचा जंतू टिकत नाही, फुटतो. लाल कॅप्सूलचं काम वेगळं. ती त्याला मूळ नकाशावरून कामाची नक्कलच काढू देत नाही.”

“मग आठ दिवसांत आटपलं की,” मी म्हणालो. “महिनोन् महिने कशाला?”

“काही जंतू झोपून असतात. त्यांनी काम काढलंच नाही, तर गोळी बंद काय पाडणार? ते जागे होतील तसे मारायचे. तुमच्यासारखे हट्टी असतात ते.”

हट्टी तर मी होतोच. कामावर आम्ही सगळे अर्धवट उठलेल्या भिंतीआड लघवीला जायचो. एक दिवस शेजारी उभ्या बिगाऱ्याने पाहिलं. “मिस्तरी, तुमले काय व्हयनं? रंगपंचमी शे का?” सगळे हसले. मग कुणीतरी कुणाच्या कानात काही सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी माझ्या हातच्या तांब्यातून कुणी पाणी प्यायलं नाही. मी ठरवलं, लाल बंद. पांढरी घेतोच आहे, एकीने काय अडतं? रोजची कॅप्सूल खिशात टाकून न्यायचो आणि विटांच्या सांध्यात माल भरताना आत दाबून टाकायचो. घरी पाकीट रिकामं दिसायचं. सोमवारी प्रश्न यायचाच, आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघून ‘होते लाल’ म्हणायचो. बाकीचे रोगी थापा मारतील, मिस्तरी मारणार नाहीत, असं त्या दवाखान्यात सांगायच्या म्हणे.

कोर्स संपला. अंगात ताकद आली. वर्षाने पुन्हा खोकला सुरू झाला आणि थुंकीत पुन्हा जंतू निघाले. डॉक्टर म्हणाले, याने औषध खाल्लेलं नाही. सिस्टर माझ्या बाजूने त्यांच्याशी भांडल्या. संध्याकाळी उंबऱ्यावर बसून स्वतःशीच कोडं घातल्यासारख्या बोलत होत्या. “लाखांत एखादा जंतू मुळातच असा निपजतो की तो पांढरीला दाद देत नाही. त्याला लाल मारते. पांढरी एकटीच दिली, तर बाकीचे मरतात आणि मोकळ्या जागेत त्याचीच वस्ती वाढते. पण तुम्ही तर दोन्ही घेतल्यात.” मी खोकलो. बशी पुढे केली. तेव्हा बोलायला हवं होतं.

मला वेगळी औषधं दिली, मी उठलो. त्याच्या पुढच्या वर्षी सिस्टरांना खोकला लागला. चार महिने त्या आपल्याच दवाखान्याच्या गोळ्या घेत होत्या, ताप हटत नव्हता. सोमवार रिकामे जाऊ लागले. तिसऱ्या रिकाम्या सोमवारी मी त्यांच्या खोलीवर गेलो. त्या चटईवर पडून होत्या, गालांची हाडं वर आलेली.

“मी लाल घेतली नव्हती,” मी दारातूनच म्हणालो.

“कधीपासून?”

“घरी औषध दिलंत, त्याच्या थोड्याच दिवसांनी सोडली.”

त्या उठून बसल्या. माझ्याकडूनच त्यांना ते लागलं की आणखी कुणाकडून, हे कुणीच खात्रीने सांगू शकलं नसतं. पण त्यांनी तो प्रश्न काढलाच नाही. “हे डॉक्टरांना तुमच्या तोंडून सांगा,” एवढंच म्हणाल्या आणि माझ्या खांद्याला धरून दवाखान्यापर्यंत चालत आल्या. डॉक्टर माझ्यावर ओरडायला लागले तेव्हा त्याच म्हणाल्या, “राहू द्या, साहेब. औषध बदला.”

नवीन इंजेक्शनं कितीतरी महिने चालली. ती कान खातात हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. ताप गेला आणि त्याबरोबर ऐकणंही गेलं. नोकरी सोडून त्या साक्रीजवळ भावाकडे गेल्या. काय घडलं ते मी सांगितलं होतं; ‘माझं चुकलं’ मात्र कुणापुढेच म्हटलं नव्हतं. तोवर जन्मात कधी म्हटलं नव्हतं. तेवढं बोलायचं म्हणून एकदा गाडी धरून मी साक्रीला गेलो.

त्या ओट्यावर बसलेल्या होत्या. मी शेजारी टेकलो आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. त्या माझ्या ओठांकडे पाहत राहिल्या, मग मान हलवून म्हणाल्या, “काहीच पोचत नाही, मिस्तरी. लिहून द्या.”

भावाने जुन्या कॅलेंडरचं पान आणि पेन्सिल आणून दिली आणि तिथेच उभा राहिला. मी पेन्सिल धरून बसलो. अक्षरं मला येतात, अडचण अक्षरांची नव्हती. शेवटी लिहिलं, ‘माझी तब्येत बरी आहे.’

त्यांनी ते सावकाश वाचलं. चेहरा उजळला. “मग झालं,” म्हणाल्या आणि कागदाची घडी करून कमरेला खोचली. परतीच्या गाडीला अजून तास होता. तेवढा वेळ आम्ही ओट्यावर शेजारी शेजारी बसून राहिलो. ती आमची शेवटची भेट.