वरणवाल्यानं भातवाल्याकडं बघू नये

माझ्या मावसभावाइतका एकटा राहणारा आणि तरीही सदासर्वदा गर्दीचाच विचार करणारा माणूस बाळापूरपासून हैदराबादपर्यंत दुसरा झाला नाही. सत्तरच्या दशकात, आमच्याकडं लोक ट्रान्झिस्टरलाही दबकून असत तेव्हा, दादा हैदराबादेत कॉम्प्युटरसाठी प्रोग्रॅम लिहायचा. यंत्र केवढं, विचारलं की तो म्हणे, "मारुतीच्या देवळाएवढं." गावात सांगताना मी त्याला शिखरही चढवून द्यायचो.

त्याला एकच ध्यास. एक मोठं गणित चार यंत्रांना वाटून द्यायचं आणि ज्याला त्याला फक्त आपला तुकडा ठाऊक असावा. शेजारी काय चाललंय, हे कुणी बघायचं नाही. त्याचे साहेब म्हणत, "लिहितोस देखणं, पण चालतं गोगलगायीसारखं." शिवाय चार यंत्रं होती कुठं? म्हणून दादा खोलीवर सराव करी. चहाला चार चिठ्ठ्या: पाणी, साखर, पत्ती, दूध. साखर टाकणारा दादा पाणी ठेवणाऱ्या दादाला ओळखसुद्धा देत नसे. माझ्यासमोर तीन तासांत एक कप झाला, तोही बिनदुधाचा.

असल्या वेडापायी भावकीनं त्याला बोलावणंच सोडलं होतं. पण त्याच्या थोरल्या भावाच्या लेकीचं लग्न बाळापूरला निघालं आणि वहिनींनी निरोप धाडला, "भावजी, पंगतीचं तुमी बघा." दादा आठ दिवस आधीच हजर! आपल्या माणसांत परत बसायला मिळेल, या आशेनं तो इतका उजळला होता की मांडवात पेट्रोमॅक्स लावायची गरज नव्हती.

लग्नाच्या दिवशी प्रत्येक वाढप्याला दादाची चिठ्ठी मिळाली. वर ताकीद: आपसांत बोलायचं नाही. पाचशे पानं बसली. भातवाला परात घेऊन उभा, वरणवाला बादली घेऊन उभा. दोघंही हलेनात. पहिल्या पानावरची बुंदी मुंग्यांनी निम्मी नेली, तरी हलेनात.

"काहून खांबावानी उभे रे?" वहिनी कडाडल्या.

"वरण जवळ आल्याबिगर भात वाढायचा न्हाई, असं लिवलंय, मामी," भातवाला म्हणाला.

"अन् माझ्यात लिवलंय, पानात भात दिसल्याबिगर हलायचं न्हाई," वरणवाला म्हणाला.

"भावजी! पाव्हणे उपाशी उठून राहिले!"

दादा धावत आला. त्यानं दोन्ही चिठ्ठ्या फाडल्या. "जोडीनं फिरा. एकमेकांकडं बघत वाढा." मग जी पंगत सुटली म्हणता! पुढच्या तीन पंगती एका पंगतीच्या वेळात उठल्या; एका पाव्हण्याचं जेवण तर घास तोंडात जाण्याआधीच संपलं. "बराबर जमलं की!" लोक म्हणाले. दादा मला हळूच म्हणाला, "पळालं रे. पण देखणं न्हाई राहिलं."

दुपार कलली. वरात गेली, वहिनी लेकीला वाटे लावायला एसटीपर्यंत गेल्या. त्यांना सोडून मी मांडवात परत आलो तर दादा एका कोपऱ्यात कोरी पत्रावळ पुढ्यात घेऊन बसलेला. त्याला ‘जेव’ म्हणायचं कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्यानं म्हटलं असेल.

"जेवलास तू?" त्यानं विचारलं.

आयुष्यभर मी थापांवर जगलो, पण एवढ्या लगबगीनं एकही मारली नसेल. तीन पंगतींत जेवलेलं पोट सावरत मी त्याच्यासमोर मांडी घातली. "न्हाई दादा," म्हटलं, "तुझीच वाट बघत होतो."