जॉईनचे चार मार्क

विजयमाला दहावीला इंग्रजीत चार मार्कांनी नापास झाली, तेव्हा सुप्याच्या शाळेत तिच्याबरोबर आणखी अकरा मुलींचं इंग्रजी राहिलं होतं. त्यामुळं घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, "पुढच्या वक्ताला बघू," असं म्हटलं आणि वर्षाच्या आत कोऱ्हाळे बुद्रुकच्या अजितशी तिचं लग्न लावून दिलं.

तिच्या डोक्यातनं मात्र ते चार मार्क गेले नाहीत. पेपरात सहा मार्कांच्या एका प्रश्नावर लिहिलं होतं, 'जॉईन द सेन्टेन्सेस.' वर्गात गुरुजी नेहमी 'कम्बाईन' म्हणायचे. जॉईन हा शब्द तिला एकाच अर्थानं ठाऊक होता. तिचा मामा मिलिटरीत जॉईन झाला होता. आता वाक्यांनी कुठं जॉईन व्हायचं, हे काही तिला उमगेना. तिनं प्रश्न कोरा सोडला. बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, "अगं, 'अँड' न् 'बट' घालून दोन वाक्यं जोडायची हुती की!" ते तर तिला झोपेतसुद्धा आलं असतं.

सासरी दोन एकर ऊस होता. शिवाय अजित बारामतीच्या एका दुकानासाठी लोकांच्या रानात ठिबक बसवायचा. लेक सोनल चौथीत असताना तो ट्रॉलीवरून पडला आणि कमरेनं घात केला. चालता यायचं, पण वाकून काम होईना. तीन रानांतली कामं अर्धी पडली होती. विजयमालानं त्याची अवजारांची पिशवी उचलली आणि दुकानात जाऊन उभी राहिली. मालक युवराजभाऊ जरा चाचरले. "वहिनी, जमंल का?"

"नळ्याच जोडायच्यात न्हवं? ह्यांच्याबरोबर चार वर्षं जोडल्यात मी."

जमलं. सुरुवातीला शेतकरी तिच्या खांद्यावरून पलीकडं बघायचे, बापय माणूस मागनं येतोय का म्हणून. पुढं पुढं फोन येऊ लागले, 'विजूताईलाच पाठवा.' कापलेल्या नळीची दोन टोकं सांधायचा काळा प्लॅस्टिकचा तुकडा असतो, त्याला सगळे जॉइनर म्हणतात. तो हातात आला की तिला शाळेतला तो पेपर आठवायचा, आणि स्वतःचंच हसू यायचं.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. मग एके दिवशी युवराजभाऊंनी तिला बसवून घेतलं. ज्या कंपनीचा माल ते विकत, तिनं फिटरांची यादी करायला घेतली होती. यादीत नाव असेल त्यानंच काम करायचं, आणि नाव घालायला दहावी पास लागत होतं.

"माझ्या हातात न्हाय, वहिनी. हाताखाली म्हणून कामं करता येतील."

"कुणाच्या हाताखाली? ह्या सगळ्या फिटरांना शिकवलं कुणी?" ती म्हणाली.

त्याच आठवड्यात ती इंदापूरजवळ बापूसाहेबांच्या डाळिंबाच्या बागेत गेली. बापूसाहेब इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. सत्तरी उलटली तरी शब्द सापडला की त्याच्या मागं लागायची खोड गेली नव्हती. बांधावर खुर्ची टाकून ते तिचं काम बघत होते.

"हे काय गं बसवतेस?"

"जॉइनर, सर."

"आणि जॉईन म्हणजे काय?"

एरवी तिनं हसून सोडून दिलं असतं. पण त्या दिवशी तिचे हात थांबले. चिखलात उकिडवी बसल्या बसल्या तिनं मामाची मिलिटरी, कोरा सोडलेला प्रश्न, कंपनीची यादी, सगळं सांगून टाकलं. बापूसाहेब हसले नाहीत. घरात जाऊन त्यांनी पुठ्ठा निघालेला एक जाडजूड शब्दकोश आणला.

"तुझी चूक नव्हती. हा शब्द आहेच तसा, बारा घरी वावरणारा. नळीला नळी जोडली तरी जॉईन. मामा पलटणीत गेला तरी जॉईन. नीरा नरसिंहपुरात भीमेला मिळते, ते मिळणंही जॉईन. तुझं रान माझ्या रानाला लागून असेल, तर त्या लागून असण्यालाही हाच शब्द. आणि गंमत बघ, आपण हात जोडतो ते एकट्यानं, स्वतःचेच दोन. इंग्रजीत दुसऱ्याचा हात धरल्याशिवाय 'जॉईन हँड्स' होत नाही."

"आला कुठनं हा शब्द?"

"फ्रेंचांकडनं इंग्रजांकडं. त्याआधी लॅटिनमध्ये होता, युंगेरे. आणि जाणकार म्हणतात, त्याचं आणि आपल्या संस्कृतातल्या युज् धातूचं मूळ एकच. योग त्यातलाच. बैलाच्या मानेवरचं जू सुद्धा त्यातलंच."

"जू? आपलं जू?"

"आपलंच."

विजयमालानं हातातला जॉइनर खाली ठेवला. सुप्याच्या घरी गोठ्यात खुंटीला बाभळीचं जू टांगलेलं असायचं. लहानपणी अप्पांनी उचल म्हटलं, की तिला ते एकटीला पेलायचं नाही. दुसरं टोक आईनं धरायचं.

"मंजी मला नापास केलं त्यो शब्द आमच्याच गोठ्यात हुता," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले, आणि हसूही फुटलं.

"फॉर्म भर," बापूसाहेब म्हणाले. "सतरा नंबरचा, बाहेरून बसणाऱ्यांचा. इंग्रजी मी घेतो."

तिनं फॉर्म भरला. मधल्या वर्षांत अभ्यासक्रम बदलल्यानं सगळेच विषय नव्यानं द्यायचे होते. दर रविवारी दुपारी इंदापूरला जायचं, आधी तासभर इंग्रजी, मग बागेतल्या तुंबलेल्या नळ्या साफ करायच्या, असं ठरलं. फी देऊ केली तर सर चिडायचे. इतिहासाचा भार अजितनं उचलला. ती भाकरी थापताना तो खाटेवर पडून मोठ्यानं धडे वाचायचा, आणि तिच्याआधी त्यालाच पाठ व्हायचे. पुण्यात नोकरीला लागलेली सोनल फोनवर गणित सांगायची आणि मधेच ओरडायची, "आई, सूत्र आधी लिही!" आईला लेकीचं ओरडणं गोड लागायचं.

मार्चात परीक्षा झाली. इंग्रजीचा पेपर हातात पडल्यावर तिनं आधी सगळी पानं उलटून जॉईन शोधला. एवढ्या मोठ्या पेपरात तो कुठंच नव्हता. भांडायला जावं आणि समोरचा गावालाच गेलेला असावा, तसं तिला झालं. मग तिनं शांतपणे पेपर सोडवला.

निकाल लागला. इंग्रजीत चोपन्न. गणितात मात्र एकोणतीस.

त्या दुपारी ती उसाच्या बांधावर जाऊन बसली. अजित हळूहळू चालत तिच्यापर्यंत आला. खाली बसता येत नव्हतं, म्हणून तसाच उभा राहिला. "चोपन्न मंजी काय कमी हायत?" तो म्हणाला. "गणिताचा पेपर जुलैत परत हाय. मी इचारून आलोय शाळेत."

जुलैत तिनं गणित काढलं, एकेचाळीस मार्क घेऊन. बापूसाहेबांनी पेढे आणले. युवराजभाऊंनी यादीत नाव घातलं आणि ओळखपत्र तिच्या गळ्यात स्वतः घातलं. त्यावरचा फोटो तिला मुळीच आवडला नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी शेजारची कौसल्या चुलीपुढं येऊन बसली. बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "विजूताई, मी आठवीतनंच सोडली शाळा. मला येईल का गं दहावीला बसायला?"

विजयमालानं चहाचं आधण वाढवलं. "दाखला हाय का शाळेचा? घिऊन ये आधी, बघू."

कौसल्या चहा न घेताच उठली आणि दाखला शोधायला घरी पळाली.