गेट सोडून काहीही

माजी सैनिकांना नोकरीचा सल्ला देण्याचं माझं टेबल बुलढाण्यात आहे. नोकऱ्या थोड्यांनाच लागतात, किस्से मात्र रोज पदरात पडतात! सल्ला देणाऱ्याने जन्मात कधी परेड केलेली नाही, हाच त्यातला पहिला किस्सा.

*

सुलतानपूरचे हवालदार इंगळे पहिल्याच दिवशी ताठ उभे राहून म्हणाले, "पगार कमी असला तरी चालते साहेब, पन गेट नको! अर्धी जिंदगी देशाच्या गेटवर काढली. आता कोनाच्या गाडीसाठी फाटक उघडनार नाई."

मी मान डोलावली. माझ्याकडे तेव्हा फक्त वॉचमनच्याच जागा होत्या.

*

तरी इंटरव्ह्यूची तालीम घेतली. म्हटलं, "स्वतःविषयी सांगा."

इंगळेंनी नंबर, रँक आणि नाव सांगितलं आणि तोंड मिटलं.

"पुढे?"

"दुश्मनाले याच्यापुढं सांगत नसतात साहेब!"

म्हटलं, बरं, जरा हसा तरी.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

*

चिखलीचे नायक वानखडे फौजेत कुक होते. त्यांना मी मोठ्या उत्साहाने छोटीशी खानावळ काढायला लावली. उद्घाटनाला गिऱ्हाइकं चार, वरण शंभर माणसांचं!

"अहो, कमी करा ना!"

"कमी येतच नाई साहेब. म्हनून तं बायको मले गॅसजवळ येऊ देत नाई."

आता ते लग्नाच्या पंगती उठवतात आणि माझ्या सल्ल्याचं कौतुक मीच सांगत फिरतो.

*

शेवटी खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये इंगळे सुपरवायझर झाले. मला इतका आनंद झाला की पेढे मीच वाटले. आठवड्याने मालकाचा फोन.

"तुमचा सुपरवायझर रोज सकाळी माह्या वॉचमनले कडक सॅल्यूट मारते! त्याचं पाहून मजूरबी मारून राह्यले. काल तं माहाच हात वर गेला!"

वॉचमन म्हणजे इंगळेंच्याच पलटणीतले निवृत्त सुभेदार, त्यांचे जुने साहेब. मी लगेच इंगळेंना फोन लावून पुस्तकी ज्ञान पाजळलं. "फौजेतली रँक फौजेत राहिली. इथे तुम्ही वर, ते खाली. सॅल्यूट बंद करा, नाहीतर नोकरी जाईल."



"हाव साहेब," इंगळे म्हणाले. "मंग एक करा. माह्या खुर्चीवर त्यायले बसवा. गेटवर मी उभा राह्यतो."