संत्री हळू पडायची तेव्हा

आमच्या बोरगाव मेघेच्या घरातली मे महिन्याची दुपार म्हणजे एक लांबलचक डुलकी. खिडकीत कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास, आणि खोलीत असा हिरवट अंधार की आपण तळ्याच्या बुडाशी बसलोय असं वाटावं. त्या अंधारात लॅपटॉपपुढे दोन बाया बसलेल्या. एक माझ्या सासूबाई, मनगट मोडून घेतलेल्या. दुसरी मी, पन्नाशीला टेकलेली आणि कॉम्प्युटरचा एक क्लास केल्यामुळे स्वतःला भलतीच शहाणी समजणारी. आज ती बाई मला भेटली तर मी तिला पाणीसुद्धा विचारणार नाही, आधी पोटभर हसून घेईन.

सासूबाई न्हाणीत घसरल्या होत्या. प्लास्टर निघालं, पण उजव्या हाताची बोटं वाळल्या शेंगांसारखी ताठ राहिली. डॉक्टर म्हणाले, आत्ता हलवली तर हलतील, नाहीतर कायमची अशीच राहतील. दाबायला रबरी चेंडू दिला. तो सासूबाईंनी त्याच दिवशी पलंगाखाली सोडून दिला.

"मी काय लहान पोर आहो, चेंडू खेळाले?"

जेवताना मी चमच्यानं भरवायची. चार घास झाले की त्या मान फिरवायच्या. भूक नसायची असं नाही, लाज वाटायची. आयुष्यभर जिनं घरादाराला वाढलं, तिला सुनेपुढे तोंड उघडून बसणं जड जात होतं. मला एवढंच हवं होतं, की त्यांची बोटं वळावीत आणि त्यांनी आपल्या हातानं जेवावं.

मग मला तो जुना खेळ आठवला. नव्वदच्या दशकात आमच्या यांच्या बियाण्याच्या दुकानात पहिला कॉम्प्युटर आला, काळ्या पडद्याचा, डॉसवाला. पुढे दुकानात नवा आला आणि जुना घरी. त्यात एक खेळ होता. वरून नारिंगी गोळे पडायचे, खाली टोपली, ती बाणाच्या कळांनी डावी-उजवीकडे सरकवून गोळे झेलायचे. सासूबाईंचं माहेर आर्वीकडचं, संत्र्याच्या बागेतलं. त्यांच्या लेखी ती संत्रीच. एखादं हुकलं तर "फुटलं नं वं" म्हणून खरोखर हळहळायच्या. कॉम्प्युटर भंगारात गेला, खेळाची फ्लॉपी तेवढी कपाटात राहिली.

लेक नागपूरला इंजिनिअरिंगला होती. सुट्टीत आली आणि आपला जुना लॅपटॉप देऊन गेली.

"आई, याच्यात लिनक्स आहे. डॉसचा खेळ याला कळत नाही. पण मी एक प्रोग्राम टाकते, तो जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेतो. खेळाला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत."

फ्लॉपीतला खेळ तिनं कुठूनसा उतरवून आणला, चांगला चालावा म्हणून सोंगाचा वेग सगळ्यात जास्त ठेवला, आणि गेली हॉस्टेलवर.

सासूबाई बसल्या. बोट कळेवर टेकलं. आणि गारपीट! पहिलं संत्रं दिसायच्या आत खेळ खलास.

"काऊन वं सूनबाई, बगीच्यात माकडं शिरली का?"

मी सासूबाईंना म्हटलं, आत्याबाई, थांबा जी, यंत्र आहे, माझ्या हातातलं आहे. माझा पहिला सिद्धांत असा की लॅपटॉपच्या अंगात मस्ती आहे, दमला की जागेवर येईल. म्हणून दिवसभर त्यावर भजनं लावून ठेवली. तो काही दमला नाही, मीच दमले.

दुसरा सिद्धांत याहून थोर. संध्याकाळी सगळ्या कॉलनीचे कूलर सुरू झाले की आमच्याकडे व्होल्टेज पडायचं. ट्यूब फडफडायची, पंख्याची पाती वेगवेगळी दिसायची. पंखा मंदावतो, तर खेळ का नाही मंदावणार? आम्ही दोघी लॅपटॉपची वायर लावून, मुहूर्ताची वाट पाहावी तशा बसलो. व्होल्टेज पडलं. पंखा रेंगाळला. संत्री मात्र तशीच बदाबदा.

"होऊन नाई राह्यलं, बाई," त्या म्हणाल्या आणि हात पदराखाली ओढून घेतला. त्या हाताकडे पाहून माझं शहाणपण पार उतरलं. मी लेकीला फोन लावला. ती इतकी हसली की फोन दूर धरावा लागला.

"व्होल्टेज? आई, तू क्लास केला ना?"

"केला. पण त्यात हे नव्हतं."

"कंट्रोल धरून एफ अकरा दाब. सोंग मंद होईल. जोरात हवं तर एफ बारा."

मी दाबत गेले, दाबत गेले, आणि दुपार पातळ होत गेली. संत्री सावरीच्या कापसासारखी उतरू लागली. एक संत्रं फांदी सोडायचं, आणि ते टोपलीत पडेपर्यंत मी मनानं एसटीत बसून कुठल्या कुठे जाऊन परत यायची. कूलर घरघरायचा, संत्रं अधांतरी. सासूबाई झोपेत बोलावं तसं म्हणायच्या, "आमच्या बागेत असंच होये दुपारचं. धप्प आवाज ये. पाह्यलं तं कोणीच नाई." आधी त्या अख्खा पंजा कळेवर टाकायच्या. मग एक बोट सुटलं. मग दुसरं.

मी रोज पदरानं कळा पुसायचं निमित्त करून वेग किंचित वाढवायची. त्यांना पत्ता नाही म्हणून मनात फुगायची.

एका दुपारी ताट घेऊन आले तर संत्री सरसर पडत होती, आणि मी कशालाच हात लावलेला नव्हता.

"तुले वाटलं, मले दिसत नाई? रोज पुसल्यासारखं करते अन् दोन कळा दाबते. आज म्या दाबल्या."

त्यांनी ताट ओढलं. बोटं अर्धीच वळली. वरणभात कालवला, निम्मा पदरावर सांडला, निम्मा तोंडात गेला. मी सवयीनं चमचा पुढे केला, आणि फाट्‌कन चापट बसली. उजव्या हाताची.

"माझं मले खाऊ दे."

माझं मनगट चुरचुरत होतं. वरणाच्या ओघळाखाली त्यांची बोटं उमटली होती, आणि ती चारही वेगवेगळी मोजता येत होती.