गप्प झालेला व्हॉल्व्ह

मिस्त्रींच्या कानाची गावभर ख्याती होती, आणि ती पसरवण्यात सर्वांत मोठा वाटा स्वतः मिस्त्रींचाच होता. गाडी आली की ते एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर उचलत, टोक चालू इंजिनाच्या झाकणावर टेकवत, मूठ कानामागच्या हाडावर दाबत आणि डोळे मिटून घेत. मग कुठल्या सिलिंडरचा कोणता व्हॉल्व्ह खटखटतोय ते सांगत. बाकीचे गॅरेजवाले कॉम्प्युटर लावून बसत, त्यांची मिस्त्रींना कीव येई.

माणसांचं बोलणं मात्र त्यांना गेली काही वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. त्याचा सगळा दोष त्यांनी माणसांवर ढकलला होता. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणे. घरी बायकोची पूर्वी सारखी टकळी चालू असायची, तीही वर्षभरात पार शांत झाली होती. "वय झालं, समज आली," असं ते शेजारच्या टायरवाल्याला कौतुकाने सांगत. त्यावर टायरवाला काय म्हणतो, ते त्यांना ऐकू येत नसे.

एका सकाळी कानाच्या डॉक्टरबाई दवाखान्यात जाता जाता आपली जुनी गाडी घेऊन आल्या. गाडी उभ्या जागी थरथरत होती. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर लावून बराच वेळ ऐकलं. तीन सिलिंडर नेहमीसारखे टिकटिकत होते, चौथ्याकडून चकार शब्द नाही. दाब मोजला, तर चौथ्यात निम्माही भरेना.

"याचा पूर्वी आवाज यायचा का?"

"यायचा की, चांगला खटखट. दोन महिन्यांपूर्वी आपोआप थांबला. मला वाटलं, बरी झाली गाडी."

हे बाईंना दोनदा, दुसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं. पण ऐकल्यावर मिस्त्री खुलले.

"इथंच तुम्ही लोक फसता, बाई. व्हॉल्व्हला बारीकशी फट लागते. फट आहे तोवर तो कुरकुरतो, पण आपल्या जागी नीट बसतो. फट मिटली की गप्प. मग तो पुरता बंदच होत नाही, आणि आतल्या आत जळत जातो. खटखटतोय तोवर खुशाल चालवा. गप्प झाला की धावत या."

बाई ऐकत होत्या, पण डोळे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर होते. मूठ कानात नव्हती, कानामागे होती. त्यांनी पिशवीतून कान तपासायचा दोन पायांचा पोलादी काटा काढला, आपल्या गुडघ्यावर आपटला आणि मिस्त्रींच्या कानामागे टेकवला. नाद स्वच्छ आला. मग तोच काटा त्यांनी कानासमोर हवेत धरला. काटा थरथरताना दिसत होता, ऐकू काहीच येत नव्हतं.

"हाडातून आवाज पोचतोय, म्हणजे आतली नस ठणठणीत आहे," बाई मोठ्याने म्हणाल्या. "कानाच्या आत तीन बारीक हाडं असतात, एक दुसऱ्याला ढकलतं. शेवटचं जाम झालेलं दिसतंय. नीट तपासू, पण बहुतेक उघडावं लागेल."

"असंच चालवलं तर नाही का चालणार?" मिस्त्री बोलून गेले. गिऱ्हाइकांच्या याच प्रश्नाने तीस वर्षं त्यांचं डोकं फिरत आलं होतं.

"चालेल की. ऐकू येणार नाही, एवढंच. घरचे काही म्हणत नाहीत?"

"नाही. बायको तर वर्षभर एकदम गप्प..." मिस्त्री तिथंच थांबले.

दुपारी ते जेवायला घरी गेले, ते स्क्रूड्रायव्हर घेऊनच. बायको निमूटपणे ताट वाढत होती. त्यांनी मूठ कानामागे दाबली आणि टोकाला फडकं गुंडाळून ते तिच्या हनुवटीला टेकवलं. नवरा कामातून गेला, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"बोल काहीतरी," मिस्त्री म्हणाले.

"काय बोलू?"

आवाज थेट हाडातून आला, जरा घोगरा, पण तिचाच. त्यांना फार लाज वाटली.

"पूर्वी बोलायचीस ते."

तिने हातातली पळी खाली ठेवली. "मागच्या वर्षी मी मोरीत घसरून पडले होते. किती हाका मारल्या. तुम्ही शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलात. भिंतीला धरून उठले, आणि म्हटलं, यांना नकोच आहे ना ऐकायला, मग बोलायचं कशाला."

मिस्त्रींना शब्द न् शब्द ऐकू आला. मूठ त्यांनी हलू दिली नाही.

"आणखी सांग," ते म्हणाले. "सगळं सांग."

"ताट निवतंय," ती म्हणाली, आणि फडक्याचं टोक स्वतःच्या हाताने हनुवटीला घट्ट धरून पुढचं सांगू लागली.